मांजरसुंब्याच्या चौकातील भूराजकारण

भूराजकारण म्हटले की परराष्ट्र खात्याची दालने, सेनापतींची टेबले आणि त्यांवर पसरलेले नकाशे डोळ्यांपुढे येतात. ज्या विद्येच्या आधारे हॅलफर्ड मॅकिंडर या इंग्रज पंडिताने १९०४ साली युरेशियाच्या मध्यभागात जागतिक सत्तेची किल्ली शोधली आणि कार्ल हाउसहोफरने जर्मन विस्तारवादाला शास्त्राचा साज चढविला, ती विद्या साम्राज्यशाहीच्या दारी वाढली हे उघड आहे. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मानवी भूगोलाच्या काही अभ्यासकांनी तिचा माग निराळ्याच ठिकाणी काढला, आणि तिकडे पाहण्याची सवय डाव्या कार्यकर्त्याला अद्याप लागलेली नाही.

स्कॉटलंडमधील विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या जोअ‍ॅन शार्प यांनी 'रीडर्स डायजेस्ट'चे जुने अंक तपासले. अमेरिका म्हणजे काय आणि तिचा शत्रू सोव्हिएत संघ म्हणजे काय, याचे धडे घरोघरच्या वाचकाला या निरुपद्रवी दिसणाऱ्या मासिकाने कसे दिले, हे त्यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखविले. लंडनचे जेसन डिटमर यांनी 'कॅप्टन अमेरिका' या चित्रकथेच्या नायकावर २०१३ साली ग्रंथ लिहिला. त्या नायकाने हिटलरला ठोसा लगावल्याचे मुखपृष्ठ १९४० च्या अखेरीस बाजारात आले, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती. दहा सेंटांच्या चोपड्यात युद्ध आधी सुरू झाले, वॉशिंग्टनने ते वर्षभराने जाहीर केले. आपले कोण, परके कोण, कोणती भूमी पवित्र आणि कोणती संशयास्पद, हा नकाशा मंत्र्याच्या भाषणापूर्वीच सामान्य माणसाच्या मनात उमटलेला असतो. मंत्री आयते पीक कापतो. या अभ्यासकांच्या म्हणण्याचे सार एवढेच आहे.

हे सारे विलायती आहे, बीड जिल्ह्याला त्याचे काय, असे म्हणणाऱ्यांनी २०२५ सालचा फेब्रुवारी आणि मार्च आठवावा. १४ फेब्रुवारीला 'छावा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. मध्य प्रदेशातील असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री विजेऱ्या घेऊन शेते खणू लागले, कारण मोगलांचे सोने तेथे पुरले असल्याची समजूत पसरली होती. हा प्रकार हसण्यावारी नेता येईल. १७ मार्चला नागपुरात जे घडले त्यावर मात्र हसता येत नाही. खुलताबादची औरंगजेबाची कबर हटविण्याची मागणी, तिच्यासाठी निदर्शने, त्यातून दंगल, संचारबंदी आणि एका माणसाचा मृत्यू. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की, चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग पुन्हा उफाळून आला आहे. भूगोलतज्ज्ञाने पुस्तकभर जे सिद्ध करावयाचे ते राज्याच्या प्रमुखाने एका वाक्यात मान्य केले! संभाजीराजांचा १६८९ चा छळ व वध हा इतिहास आहे, तो नाकारण्याचे कोणालाच कारण नाही. प्रश्न असा की, १७०७ साली मेलेल्या बादशहाच्या कबरीभोवती आज सरहद्द आखली जाते, तेव्हा त्या सरहद्दीच्या पलीकडे कोणाला उभे केले जाते? मोगल तर उरलेले नाहीत. उरला आहे तो मोमीनपुऱ्यातला विणकर आणि गॅरेजमधला पोरगा.

मराठवाड्यापुरते पाहावयाचे तर ही सरहद्द १९४८ मधूनही ओढली जाते. रझाकारांचे अत्याचार खरे होते. परंतु त्यांचा नेता कासिम रझवी लातूरचा वकील होता, तसाच 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान हाही मुसलमानच होता, आणि विलीनीकरणाची बाजू घेतली म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच त्याला ठार केले. पोलीस कारवाईच्या काळात व तिच्यानंतर काय घडले, हे पाहण्यासाठी नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली. तिचा अहवाल २०१३ पर्यंत सर्वसामान्यांना पाहावयास मिळाला नव्हता. राज्यभरात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, असा समितीचा अंदाज आहे, आणि झळ लागलेल्या जिल्ह्यांत बीडचे नाव आहे. याच अहवालात अशीही नोंद आहे की, हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे हिंदूंपासून रक्षण केले आणि त्यासाठी प्रसंगी स्वतःचे प्राण दिले. एका मागावर बसणाऱ्यांनी धर्माची रेषा पुसली, ही घटना चित्रपटाला कमी नाट्यमय आहे काय? 'रझाकार' नावाच्या तेलुगू चित्रपटासाठी २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर भांडवल उभे राहिले. त्या विणकरांसाठी कोणता निर्माता थैली सोडील?

येथेच भूगोलतज्ज्ञांची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते चित्रकथेचे पान न् पान उलगडतात, परंतु छापखाना कोणाचा, चित्रपटगृह कोणाचे, कर कोणी माफ केला, हे प्रश्न त्यांच्या लेखनात बहुधा कडेला पडतात. अर्थात त्यांना दोष देण्याचा अधिकार डाव्यांना किती आहे? सिनेमा म्हणजे करमणूक आणि करमणूक म्हणजे अफू, असा निकाल देऊन ज्यांनी सभा, ठराव आणि निवेदने यांवर भिस्त ठेवली, त्यांनी मैदान आधीच सोडले होते.

वास्तविक ही विद्या चळवळीला नवी नव्हती. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा राज्यपुनर्रचना आयोगाच्या अहवालातून गिरणगावात पोचला नाही, तो 'माझी मैना'तून पोचला. विरहिणीच्या रूपकात बेळगाव-कारवार बसविणाऱ्या त्या छक्कडीचे भूराजकारण एखाद्या प्रबंधाला पुरून उरेल. बार्शीचा मुसलमान शाहीर मराठी मुलुखाची हद्द गातो आणि लाखभर लोक ती आपली मानतात, हे तेव्हा कोणाला विचित्र वाटले नाही. त्या नकाशालाही कडा होत्या, कानडी शेजाऱ्याच्या बाजूने त्या बोचऱ्या होत्या, हेही नमूद केले पाहिजे. तरी तो श्रमिकांनी काढलेला नकाशा होता.

आता मांजरसुंब्याचा चौक पाहा. बीडहून सोलापूरकडे जाणारा महामार्ग बालाघाटाचा घाट चढून येथे येतो, आणि पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता येथेच त्याला छेदतो. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाडासह याच रस्त्यांनी सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता, फडातली पाल, हा त्यांचा भूगोल. त्यात जिल्ह्याच्या आणि राज्याच्या सीमा आहेत, भांडवल आणि श्रम यांची सीमा तर पावलोपावली आहे, परंतु औरंगजेबाची कबर कोठेच नाही. जवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला कार्तिक पौर्णिमेस लिंगायत भाविक कर्नाटक-तेलंगणातून पायी येतात. तीन भाषा बोलणाऱ्या या माणसांचा नकाशाही कोणत्याच पडद्यावर दिसत नाही.

पालावर रात्री भाकरी थापून झाल्यावर कोयत्यावरचा पोरगा भ्रमणध्वनी उघडतो, तेव्हा त्यावर तलवारी तळपत असतात. उचलीचा हिशेब त्यावर येत नाही, मुकादम तर नाहीच नाही. जो नकाशा त्याच्या हातात दिला गेला आहे त्यात त्याचा शत्रू शेजारच्या पालावरचा मुसलमान तोडणीकामगार आहे. त्याचा कोयताही तेवढ्याच उचलीत अडकलेला आहे, हे तो नकाशा दाखवीत नाही. एक डफ, एक तुणतुणे आणि उचल-मुकादमाच्या गोष्टीवर रचलेला तासाभराचा वग, एवढ्याला फार पैसा लागत नाही. टोळ्यांचे जाणे आणि कपिलधारची यात्रा साधारण एकाच हंगामात येतात. तो हंगाम सुरू होण्यापूर्वी वग कोण लिहिणार आणि मांजरसुंब्याच्या चौकात तो कोण उभा करणार, हा विषय जिल्ह्याच्या येत्या बैठकीत ठरावांच्या आधी घ्यावा.