ओसरीविना पक्के घर

गोंदियाची सीमा ओलांडली की लागणाऱ्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात उन्हाळ्याची परीक्षा ‘नवतपा’त होते. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तेव्हापासूनचे, म्हणजे साधारणतः २५ मेपासूनचे हे नऊ दिवस. या लोकगणनेला खगोलाचाही आधार सापडतो. बालाघाट शहर २१.८ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य तेथे नेमका डोक्यावर येतो आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा एकदा. पहिल्या खेपेला आकाश निरभ्र असते, दुसऱ्या खेपेला पावसाचे ढग असतात. फरक पडतो तो एवढ्यानेच.

सूर्य माथ्यावर असताना दक्षिणेकडच्या भिंतीला दीड हाताचा छज्जाही पुरतो. खरा प्रश्न छपराचा आणि पश्चिमेच्या भिंतीचा. दुपारी तीननंतर ऊन तिरपे होते आणि छज्जाखालून सरळ दारातून आत येते. त्यात पश्चिमेकडून वाहणारी लू. पारा चाळिशी ओलांडलेल्या दिवसांत पश्चिमाभिमुख अंगण, त्यावरचा सिमेंटचा ओटा आणि मागची उघडी भिंत संध्याकाळपर्यंत उष्णता साठवतात आणि ती रात्री घराला परत करतात. दिवसा झाडाखाली निभावता येते. रात्री झोप न लागणे वृद्धांना व तान्ह्या मुलांना अधिक जाचते.

वैनगंगेच्या या खोऱ्यातील जुन्या घराला हे गणित ठाऊक होते. मातीची जाड भिंत, वर कवेलू (गोव्यातील नळ्यांचेच भाऊबंद) आणि पुढे भिंतीच्या डोक्यापासून उतरत खाली आलेली ओसरी. कोणी तिला छपरी म्हणते, कोणी परछी. तिचे छप्पर इतके खाली येई की उंच माणसाला वाकून आत शिरावे लागे. ही गैरसोय नव्हती; उतरत्या उन्हाला अडवण्याची ती युक्ती होती. धान वाळवणे, सूप विणणे, पाहुण्याची खाट टाकणे, सारे तेथेच. घराची पहिली भिंत ओसरीमागे असे आणि तिला ऊन क्वचितच दिसे.

पंतप्रधान ग्रामीण आवास योजनेत घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे व त्यात स्वयंपाकाची जागाही धरलेली आहे. मैदानी भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ व नक्षलप्रभावित एकात्मिक कृती आराखड्याच्या जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपये मिळतात. बालाघाट या दुसऱ्या गटातले. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांना आणि त्या त्या टप्प्याच्या छायाचित्रांना जोडलेले असतात. एवढ्या जागेत व एवढ्या पैशांत कुटुंबाने दोन खोल्या उभ्या कराव्यात की ओसरी ठेवावी, याचे उत्तर उघड आहे. कच्च्या घरातून पक्क्यात जाणे ही मोठीच गोष्ट. पावसात गळणाऱ्या छपराखाली ज्याने रात्री काढल्या त्याला सिमेंटच्या स्लॅबचे मोल कोणी सांगायला नको. मात्र स्लॅबची ती पेटी मे महिन्यात भट्टी होते, हेही त्याच कुटुंबाला सोसावे लागते.

मग दोन-तीन वर्षांनी पैसे साठले की पुढे पत्र्याची शेड येते. सावली मिळते, पण उन्हात पत्र्याचे तापमान साठ अंशांपलीकडे जाऊ शकते आणि तो तापलेला पत्रा खालच्या माणसावर व भिंतीवर उष्णता फेकत राहतो. शेड भिंतीला घट्ट चिकटवलेली असेल, तर तिच्याखाली कोंडलेली गरम हवा दारावरच्या झरोक्यातून थेट खोलीत जाते. दोष पत्र्यात कमी, बसवण्यात जास्त आहे. पत्र्याच्या वरच्या कडेला आणि भिंतीत वीतभर फट ठेवली, वरून चुन्याचा पांढरा हात दिला आणि खाली बांबूच्या तट्ट्याचे दुसरे छत टांगले, तर तीच शेड बसण्याजोगी होते. पावसाळ्यात त्या फटीवर पन्हाळीचा तुकडा लागतो, एवढाच जादा खर्च.

ज्यांना पत्राही परवडत नाही ते हिरवी जाळी बांधतात. ती रोपवाटिकेसाठी निघालेली. पन्नास, पंचाहत्तर, नव्वद टक्के सावलीची मिळते. दारावर ताणून चिकटवण्यापेक्षा ओट्याच्या बाहेरच्या कडेला बांबूच्या खांबांवर उभी सोडली तर ओटाही तापत नाही. आतल्या पडद्याने हे साधत नाही, कारण तोवर ऊन काचेतून वा दारातून घरात आलेले असते. ते बाहेरच अडवावे लागते.

गंमत अशी, की जाळीपेक्षा सरस वस्तू याच जिल्ह्यात पिकते. बालाघाटचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाचा आणि बांबूसाठी नावाजलेला. बुरुडांनी विणलेला तट्टा वा चिकाचा पडदा उभे ऊन अडवतो आणि फटींतून वारा जाऊ देतो. २००६च्या वनाधिकार कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले, तर २०१७मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. कायद्याची वाट अशी रुंद झाली असताना गावात मात्र प्लास्टिकची जाळी सोपी पडते. ती दुकानात तयार मिळते, तट्टा विणून घ्यावा लागतो आणि दर काही वर्षांनी बदलावा लागतो.

धोरणाच्या पातळीवर सावलीचा विचार झालेलाच नाही, असे नाही. २०१८च्या ‘इको-निवास संहिते’ने निवासी इमारतींच्या भिंती व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली आणि त्या हिशेबात खिडकीवरची सावलीही धरली, पण ती संहिता ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील इमारतींसाठी. पंचवीस चौरस मीटरच्या घरापर्यंत ती उतरत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने २०२९पर्यंत आणखी दोन कोटी ग्रामीण घरांना मान्यता दिली आणि साहाय्याची रक्कम तीच ठेवली.

गोव्याच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. मार्च २०२३मध्ये उष्णतेच्या इशाऱ्यामुळे येथील शाळा दोन दिवस दुपारपूर्वी सोडाव्या लागल्या. किनारपट्टीवर उष्णतेच्या लाटेचा निकष चाळीस नव्हे, सदतीस अंशांचा आहे, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. म्हणूनच बालाघाटचा उपाय येथे जसाच्या तसा चालणार नाही. तिकडे वाळ्याच्या ताटीवर पाणी शिंपडले की कोरडी लू थंड होऊन आत येते. इकडे तीच ताटी खोली कोंदट करील. तिकडे पश्चिम बंद करणे शहाणपणाचे, तर आपल्याकडे दुपारचा समुद्राचा वारा त्याच दिशेने येतो. जुन्या घराच्या बाल्कांवाला म्हणूनच छप्पर असे, पण बाजू उघड्या असत. आज त्या बाजू काचेने बंद होतात, पुढे पत्रा येतो आणि आत वातानुकूलन यंत्र बसते. वीजबिल वाढते, आणि यंत्राची बाहेर टाकलेली उष्णता शेजाऱ्याच्या वाट्याला जाते.

बालाघाटच्या कुटुंबाला हा पर्याय बहुधा नसतोच. त्याच्यापाशी कूलर असला तरी त्याला लागणारे पाणी आणि वीज, दोन्ही मे महिन्यातच अपुरी पडतात. दारापुढे सहा हात सावली उभी करायला बांबूचे चार खांब, दोन तट्टे आणि एका दिवसाची मजुरी लागते, आणि योजनेच्या कोणत्याही हप्त्यात तिचे वेगळे छायाचित्र मागितले जात नाही.