आठाने भागा, मग भांडा!

घरी १०० मेगाबिटचे इंटरनेट घेतले, पण सिनेमा उतरवून घेताना संगणक वेग दाखवतो जेमतेम १२! ग्राहकाला वाटते, कंपनीने फसवले. खरे तर दोघांची मापे वेगळी. कंपनी मोजते बिटमध्ये, संगणक बहुधा बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० भागिले ८, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. इंग्रजीत लिहिताना छोटा ‘बी’ बिटचा, मोठा ‘बी’ बाइटचा. भारतात ब्रॉडबँडचा किमान वेग २००४ मध्ये सेकंदाला २५६ किलोबिट, म्हणजे ३२ किलोबाइट ठरला. २०२३ मध्ये तो २ मेगाबिट, म्हणजे २५० किलोबाइट झाला. आठाने भागूनही वेग फारच कमी भरला, तर मात्र तक्रार जरूर करावी. पैसे पूर्ण वेगाचे मोजलेले असतात!