कर बुडबुड्यांवर, सवलत साखरेला

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले : २६.४ टक्के, देशाचे प्रमाण ११.४ टक्के. शीतपेयांवरील कराचा विचार याच पार्श्वभूमीवर व्हायला हवा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून फसफसणाऱ्या गोड पेयांवर ४० टक्के जीएसटी लागू झाला. उपकर धरता पूर्वीचा भारही तेवढाच होता. वायू नसलेल्या फळरसयुक्त पेयांवरील कर मात्र १२ वरून ५ टक्क्यांवर आला. शरीर असा भेद करीत नाही. ३०० मिलिलिटर कोलात सुमारे ३२ ग्रॅम साखर असते. आंब्याच्या बाटलीबंद पेयात ती कमी असतेच असे नाही. पेयातील साखर चावावी लागत नाही, तिला रोखणारे तंतूही नसतात. त्यामुळे ती वेगाने रक्तात उतरते. उलट, साखरविरहित कोलाने रक्तशर्करा फारशी वाढत नाही, तरी त्यावरही ४० टक्केच कर आहे.

ब्रिटनने २०१८ मध्ये शीतपेयांवरील कर साखरेशी जोडला : १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅमपासून आकारणी, ८ ग्रॅमपासून अधिक. कर टाळण्यासाठी अनेक उत्पादकांनी साखरच घटवली. भारतीय रचनेत तसे करण्यास कारणच उरत नाही.

जीएसटी परिषदेत गोव्यालाही मत आहे. हा प्रश्न तेथे मांडण्याचा अधिकार, आणि निकड, या राज्याइतकी क्वचितच कुणाला असेल. तोवर ग्राहकाने बाटलीवरील फळाच्या चित्राऐवजी साखरेचे ग्रॅम वाचावेत.