कोलेस्टेरॉलचा निचरा यकृतच करते

‘यकृत शुद्ध करा, कोलेस्टेरॉल घालवा’ असे सांगणारी चूर्णे आणि काढे विकत घेण्याआधी यकृत हे काम कसे करते, ते समजून घ्यायला हवे. कोलेस्टेरॉलच्या रेणूतील कडी तोडून त्यापासून ऊर्जा मिळवणे मानवी शरीराला जमत नाही. म्हणून यकृत त्यातले काही जसेच्या तसे पित्तात सोडते आणि काहींची पित्ताम्ले बनवते. या रूपांतराच्या मुख्य मार्गाचा वेग सीवायपी७ए१ हे एन्झाइम ठरवते. रोज सुमारे अर्धा ग्रॅम कोलेस्टेरॉल असे खर्ची पडते. आतड्यात स्निग्ध पदार्थ पचवून झाले की सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले यकृताकडे परततात आणि पुरेसा साठा असल्याचा संदेश मिळून हे एन्झाइम मंदावते. काही पित्ताम्ले शौचावाटे गेली, तर ते वेग घेते आणि यकृत रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, अधिक ओढून घेते.

याचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. अमेरिकेत ३,८०६ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. आतड्यात पित्ताम्ले बांधून ठेवणाऱ्या कोलेस्टिरामिनमुळे हृदयविकाराचा झटका आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून १९ टक्क्यांनी घटले. एकूण मृत्यूंत मात्र लक्षणीय फरक पडला नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही एलडीएल उतरले की हृदयाचा धोका कमी होतो, हे पुढे स्टॅटिन या औषधांच्या मोठ्या चाचण्यांनी पक्के केले. इसबगोल, ओट्स आणि कडधान्यांतला विरघळणारा तंतूही काही पित्ताम्ले अडवतो. त्याचा परिणाम माफक असतो आणि यकृत नवे कोलेस्टेरॉल बनवून तूट भरू पाहते, हेही खरे. नेमकी हीच निर्मिती स्टॅटिन रोखते. म्हणजे तंतुमय आहार हा औषधाचा पर्याय नसून त्याचा जोडीदार आहे.

‘शुद्धी’च्या उत्पादनांकडे या तोडीचा पुरावा नाही, काही वनस्पतिजन्य मिश्रणांनी तर यकृतालाच इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे असे दावे करून विकणाऱ्यांवर माणसांवरील चाचण्यांचा पुरावा देण्याची सक्ती व्हायला हवी. वाचकांनी तो पैसा डाळी-उसळींवर आणि रक्ततपासणीवर खर्च करावा, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नये.