शब्दांच्या जाती

शाळेत मराठी व्याकरण सुरू झालं ते या वाक्यानं: शब्दांच्या जाती आठ. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे विकारी. क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी ही अव्ययं, म्हणजे काही झालं तरी न बदलणारी. चकलांब्याच्या आमच्या वस्तीतल्या एकाही पोराला याचं नवल वाटलं नाही. गावाचं तोंड कुठं नि वस्तीचं कुठं हे चालायला लागल्यापासून पाठ असलेल्याला शब्दालाही जात असते हे ऐकून कसलं नवल?

इंग्रजीत याच गोष्टीला ‘पार्ट्स ऑफ स्पीच’ म्हणतात. बोलण्याचे भाग. जातीचं नावच नाही. आणि तिथला शब्द काम बदललं की सरळ घर बदलतो. ‘आफ्टर लंच’ मध्ये ‘आफ्टर’ नामाला चिकटतो. ‘आफ्टर ही लेफ्ट’ मध्ये तोच दोन वाक्यं जोडतो. ‘सून आफ्टर’ मध्ये क्रियाविशेषण होतो. कुणी त्याला दाखला मागत नाही. मराठीतही हे होतंच की. ‘वर बघ’ मधला ‘वर’ वेगळा, ‘छपरावर’ मधला वेगळा. शब्द काम बघून वागतो, जात चिकटवली ती पुस्तकानं.

मी इंग्रजीची आरती करायला बसलेलो नाही. २०१० साली उत्तर प्रदेशातल्या बांका गावात इंग्रजी देवीचं देऊळ उभारायला घेतलं, त्यामागचा राग मला कळतो. देवी कळत नाही. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिका म्हणून सांगितलं ते शिकायला सांगितलं, नारळ फोडायला नाही. हत्यार घासायचं असतं. आणि घासायचं कुठं, तर जिथं वाक्याला वाक्य जोडलं जातं तिथं. नामं सगळ्यांना येतात. कंटेनर, गेटपास, ओव्हरटाइम, कॉन्ट्रॅक्ट. अंगठेबहाद्दर म्हाताराही ही नामं बोलतो. फसवणूक होते ती ‘अनलेस’, ‘अनटिल’, ‘बिफोर’, ‘ओन्ली’ या बारक्या शब्दांत.

बघा. आमच्या बीडच्या ऊसतोड बाईचं वाक्य: आई पहाटे उठून, चूल पेटवून, भाकरी बांधून, लेकरू काखंत घेऊन फडात गेली. पूर्ण क्रियापद एकच, ‘गेली’. बाकी सगळं ‘ऊन’नं ओवलेलं. उभयान्वयी अव्ययाची गरजच पडली नाही. रोजच्या इंग्रजीत हेच सांगताना प्रत्येक काम सुटं क्रियापद होऊन उभं राहतं नि शेवटी ‘अँड’ येतो. आमचं पोरगं तिथं अडखळतं, कारण त्याच्या डोक्यात कामं दोऱ्यात आहेत आणि समोरची भाषा त्यांना रांगेत उभी करते.

दुसरं. मराठीला जोडी लागते: जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा. म्हणून पोरगं लिहितं, ‘ऑलदो ही वॉज सिक, बट ही केम.’ मास्तर लाल रेघ मारतो. रेघ का मारली ते सांगत नाही. एका मिनिटाचं काम आहे: इंग्रजीला दोन बैल लागत नाहीत, ‘ऑलदो’ घ्या नाहीतर ‘बट’ घ्या. ‘हाउएव्हर’चं आणखी वेगळं. अर्थ ‘पण’चाच, तरी ते क्रियाविशेषण. ते दोन वाक्यं जोडत नाही, आधीचं वाक्य संपवून नवं सुरू करावं लागतं.

आणि ‘अनलेस’. आपण म्हणतो, ‘तू आला नाहीस तर मी जाणार नाही.’ नकार दोनदा. इंग्रजीत पहिला नकार ‘अनलेस’च्या पोटातच असतो, पुढचं क्रियापद होकारी राहतं. ‘अनटिल’चंही तसंच. पोरं ‘अनटिल यू डोन्ट कम’ म्हणतात, कारण आपल्या ‘जोपर्यंत येत नाहीस’मध्ये ‘नाही’ आहे.

हे नुसतं मार्कांचं दुखणं असतं तर मी लिहिलंच नसतं. न्हावा शेव्याच्या बाजूला एका ठेकेदाराकडं मी लॅशिंगला होतो. गेटवर नोटीस लागली. मुकादमानं सांगितलं, ‘स्लिपवर सही घ्या, ओव्हरटाइम भेटंल.’ कागदावर होतं: ओव्हरटाइम विल नॉट बी पेड अनलेस द स्लिप इज साइन्ड बिफोर द शिफ्ट एन्ड्स. मुकादमानं ‘बिफोर’ गिळला. आता सांगा, ओव्हरटाइम सुरूच होतो शिफ्ट संपल्यावर! थांबायला लागणार हे आधी कुणाला ठाऊक? पोरं दुसऱ्या दिवशी सह्या घेत राहिली. महिनाअखेरीला सगळा ओव्हरटाइम कापला आणि वर नोटिशीकडं बोट. एका अव्ययानं अख्ख्या गँगचे रात्रीचे घामाचे पैसे खाल्ले.

आणि शाळा काय शिकवते? २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं शिकून दहावीला प्रश्न काय, तर ‘ॲज सून ॲज’चं वाक्य ‘नो सूनर... दॅन’ वापरून लिहा. नकारी क्रियाविशेषण पुढं आलं की ‘डिड’ कर्त्याच्या आधी उडी मारतो, ही गंमत मलाही आवडते. पण गोदीत ‘नो सूनर’ म्हणताना मी कुणालाही, साहेबालाही, ऐकलेलं नाही. नोटीस वाचायला मात्र एक तास नाही.

आता कायद्याकडं या. घटनेच्या कलम १७ मध्ये अस्पृश्यतेपुढं क्रियापद आहे ‘इज अबॉलिश्ड’. नष्ट केली, विषय संपला. कलम ४३ मध्ये कामगाराच्या जगण्यापुरत्या मजुरीपुढं आहे ‘शॅल एन्डेव्हर’. राज्य प्रयत्न करील. दोन क्रियापदांत किती अंतर आहे ते मोजा. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये आर्थिक रचना घटनेतच बांधून टाका असं मांडलं होतं. तसं झालं नाही. ती बाब मार्गदर्शक तत्त्वांत गेली. त्या तत्त्वांबद्दल कलम ३७ म्हणतं की कोर्टाला ती अमलात आणता येणार नाहीत, आणि लगेच ‘बट’ नि ‘नेव्हरदलेस’ ही जोडगोळी घालून म्हणतं की तरीही ती राज्यकारभाराला मूलभूत आहेत. एकटा ‘बट’ पुरला नाही. वर ‘नेव्हरदलेस’ ठोकावा लागला. आपलं भांडण आजही त्या दोन शब्दांवर उभं आहे.

१९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात अपमान करण्याच्या क्रियापदाआधी ‘इन्टेन्शनली’ बसवलंय आणि मागं ‘विदिन पब्लिक व्ह्यू’चं शेपूट. २०२० साली सुप्रीम कोर्टानं एका खटल्यात म्हटलं की घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कुणी नसताना झालेली शिवीगाळ त्या शेपटात बसत नाही. आपला माणूस ठाण्यात जाऊन म्हणतो, ‘जातीवरून बोलला साहेब.’ खरंच बोललेला असतो. पण मुद्दाम बोलला, कुठं बोलला, कुणाच्या देखत बोलला, हे कागदावर आलं नाही तर क्रियापद लुळं पडतं. मराठीत लिहिताना ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द आणि जागेचं, साक्षीदारांचं वाक्य लिहून घेतल्याशिवाय खाली सही करायची नाही.

वस्तीत दर रविवारी रात्री आम्ही सातआठ जण बसतो. पुस्तक नसतं. कुणाचं अपॉइंटमेंट लेटर, कुणाच्या बँकेची नोटीस, कुणाच्या खोलीचा ॲग्रीमेंट. आधी क्रियापदाखाली रेघ मारतो, मग जोडशब्दाभोवती गोल, मग ‘ओन्ली’ कुठं बसलाय ते शोधतो. तुमच्याकडं असला कागद असेल तर नाव-गाव खोडून अंकाच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या अंकात तो आम्ही ओळीओळीनं सोडवून छापू.