भिंतींची साक्ष

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने नाट्यगृहाची जागा निवडताना आदळून परतणाऱ्या आवाजापासून सावध राहण्यास बजावले होते. सतराव्या शतकात विजापूरच्या गोलघुमटाने त्याच सत्याची प्रचीती दिली. तेथील सज्जात भिंतीशी केलेली कुजबुज घुमटाच्या पलीकडच्या अंगाला कानाशीच उमटते आणि बोलणारा नेमका कुठे, हे उमगत नाही. बंदिस्त जागेत भिंतही बोलते, हे ज्ञान इतके जुने. तरी दर पिढीला ते नव्याने कमवावे लागले.

१८९५ साली हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात शब्द इतका घुमे की पुढचा शब्द त्यात बुडून जाई. तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबाइन यांनी शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवून निनाद किती वेळात विरतो हे मोजले आणि त्यातून निनादाचे सूत्र व वास्तुध्वनिशास्त्र उभे राहिले. पण आवाजाचा उगम शोधण्याचा प्रश्न वेगळा होता. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅग यांनी मायक्रोफोनांच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून शत्रूची तोफ हुडकली, तेव्हा ते गणित मोकळ्या रानाचे होते. त्यात वाऱ्याचा हिशेब होता, भिंतीचा नव्हता.

खोलीत हेच गणित अडखळते. दहा सेंटिमीटर अंतरावरील दोन मायक्रोफोनांना आवाज मिळण्यात फार तर ०.३ मिलिसेकंदाचा फरक पडतो, तर साध्या दिवाणखान्यातला निनाद त्याच्या हजारपट रेंगाळतो. माणसाचा कान ही अडचण कशी सोडवतो, हे १९४९ साली अमेरिकेत वॉलाक आणि सहकाऱ्यांनी, जर्मनीत हास यांनी दाखवले: आधी पोहोचलेल्या आवाजाला तो दिशेचा मान देतो आणि मागून लगेच येणारे पडसाद त्यातच सामावून घेतो.

१९७९ साली ॲलन आणि बर्कली यांनी चौकोनी खोलीतील पडसाद संगणकावर घडवण्याची रीत दिली. आज आवाजाची दिशा ओळखणारी कितीतरी न्यूरल नेटवर्क अशाच रिकाम्या, काल्पनिक खोल्यांत शिकतात आणि पडदे, कपाटे, अर्धवट उघडी दारे असलेल्या घरात चुकतात. अशा नेटवर्कच्या भरवशावर मदतीची हाक ऐकून भिंतीकडे वळणारा रोबो ही केवळ तांत्रिक उणीव नव्हे, ती इतिहासाची उपेक्षा आहे. सॅबाइन प्रत्यक्ष सभागृहात जाऊन मोजत बसले, म्हणून त्यांचे सूत्र टिकले. आजच्या यंत्रांनाही नांदत्या घरात पारखल्याशिवाय विश्वासास पात्र मानू नये.