नवी भाषा : भर की बदल?

इयत्ता पहिलीपासून हिंदी शिकविण्यासंबंधीचे शासननिर्णय मागे घेत असल्याची घोषणा २९ जून २०२५ रोजी झाली आणि वादाचा धुरळा खाली बसला. त्या वादात कोणती भाषा शिकवावी, याचीच चर्चा झाली. नवी भाषा मुलाच्या विचाराचे काय करते, हा मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

जळगाव-धुळ्याकडे या प्रश्नाला वेगळे महत्त्व आहे. घरी अहिराणी, लेवा बोली, भिली वा पावरी बोलणाऱ्या मुलाला शाळेत भेटणारी पहिली नवी भाषा म्हणजे प्रमाण मराठीच होय.

अर्थशास्त्राच्या वर्गात तिचा परिणाम दिसतो. ‘प्रच्छन्न बेकारी’ ही संज्ञा उमगली की, घरची पाच माणसे राबतात त्या शेतात तिघांकडूनही तेवढेच पीक निघाले असते, हे शेतकऱ्याच्या मुलाला प्रथमच जाणवते. शेत तेच असते. पाहण्याची रीत बदललेली असते. उलटपक्षी, त्याच्या घरचा ‘सालदार’ हा शब्द पाठ्यपुस्तकातील ‘मजूर’ या संज्ञेत मावत नाही. आखाजीला ठरणारे साल, आगाऊ घेतलेली उचल आणि ती फिटेपर्यंतचे बांधलेपण यांत रोजगार व कर्ज एकाच व्यवहारात गुंतलेले असतात. तो शब्द गमावला, की विश्लेषणातून तो माणूसही निसटतो.

तात्पर्य, नवी भाषा जुनीच्या शेजारी उभी राहिली, तरच विचार रुंदावतो. जुनीला हुसकावून ती आली, तर केवळ पाठांतर वाढते. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ‘आंतरभारती’चे स्वप्न पाहिले, ते प्रांतोप्रांतींच्या लोकांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात म्हणून, कोणी आपली टाकावी म्हणून नव्हे.

बोलीतच राहिल्यास मूल नोकरीच्या बाजारात मागे पडेल, ही पालकांची भीती निराधार नाही. प्रमाण मराठी आणि इंग्रजी त्याला आलीच पाहिजे. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे सुचविले आहे. निदान प्रारंभीची दोन वर्षे शिक्षकाने बोलीतील उत्तर बरोबर मानावे आणि त्याच्या शेजारी प्रमाण शब्द ठेवावा. त्यासाठी मोठा निधी लागत नाही, दृष्टी लागते.

अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींचे नाव २०१८ मध्ये येथील विद्यापीठाला देण्यात आले. त्यांच्याच बोलीत उत्तर देणारा विद्यार्थी वर्गात हशाचा विषय होत असेल, तर तो गौरव पाटीपुरताच उरतो.